‘आढळले नाही’ म्हणजे नेमके किती? अन्नातील धातूंचे अहवाल मागवणाऱ्यांना आणि त्यांवर सही करणाऱ्यांना खुले पत्र

स. न. वि. वि.

‘शिसे: आढळले नाही. कॅडमियम: आढळले नाही.’ खाली सही, शिक्का, तारीख. या दोन ओळी पाहून आपण माल सोडता. आमचे म्हणणे असे, की त्या ओळींपुढे ‘किती खालपर्यंत शोधले’ हा आकडा नसेल तर अहवाल परत पाठवा.

हिशेब साधा आहे. बहुतेक फळांच्या रसातल्या शिशासाठी कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची) कमाल मर्यादा किलोला ०.०३ मिलिग्रॅम आहे. अर्धा ग्रॅम रस घेतला, ॲसिडमध्ये विरघळवला, ५० मिलिलिटरपर्यंत नेला, की झाला शंभर पट विरळ. मर्यादेइतके शिसे असलेला रससुद्धा आता यंत्रापुढे लिटरला ०.३ मायक्रोग्रॅम एवढाच उरतो. फ्लेम एएएसला (ज्योतीतल्या अणूंनी शोषलेला प्रकाश मोजणाऱ्या यंत्राला) द्रावणात लिटरला साधारण १० मायक्रोग्रॅमच्या खालचे शिसे धड दिसत नाही. म्हणजे किलोला एक मिलिग्रॅम, मर्यादेच्या तीस पटींहून जास्त, शिसे असलेल्या रसालाही ते यंत्र प्रामाणिकपणे ‘आढळले नाही’ म्हणेल. यात कोणी खोटे बोलत नाही. फक्त प्रश्न चुकीच्या यंत्राला विचारलेला असतो.

आयसीपी-एमएस (प्लाझ्मात अणूंचे आयन करून ते वस्तुमानानुसार मोजणारे यंत्र) आणले म्हणजे हा प्रश्न सुटला, असेही नाही. त्या यंत्राच्या माहितीपत्रकात छापलेली शोधमर्यादा स्वच्छ पाण्यासाठी, निर्मात्याच्या स्वच्छ खोलीत काढलेली असते. आपल्याला हवी ती पद्धतीची मर्यादा. निदान दहा ब्लँक (नमुना न घालता केलेल्या कोऱ्या चाचण्या) घ्यायचे, तेही बाटलीतून थेट ओतलेल्या ॲसिडचे नव्हे. नमुन्यासारखेच भांड्यात घातलेले, मायक्रोवेव्हमधून काढलेले, त्याच नळ्यांत विरळ केलेले. त्यांच्या वाचनांचे प्रमाण विचलन गुणिले तीन ही शोधमर्यादा, गुणिले दहा ही मापनमर्यादा, म्हणजे जिच्या खालचा आकडा भरवशाने सांगता येत नाही ती. मग त्याला विरळ करण्याच्या पटीने गुणायचे, आणि ही शेवटची पायरीच बहुतेक वेळा राहून जाते. द्रावणातली ०.०५ मायक्रोग्रॅम प्रति लिटर ही मापनमर्यादा शंभर पटीने किलोला ०.००५ मिलिग्रॅम होते. रसाला पुरते. किलोला ०.०१ मिलिग्रॅम शिशाची मर्यादा असलेल्या बाळांच्या दुधाला मात्र जेमतेम पुरते. त्या दुधाबाबत आणखी एक गोम आहे. ती मर्यादा पाण्यात कालवून तयार केलेल्या दुधाला लागू आहे, पावडरीला नाही. पावडरीचा आकडा थेट मर्यादेशी ताडून पाहिला, तर कालवताना होणाऱ्या सात-आठ पटींची चूक पदरात पडते.

रसासाठी उपाय सोपा आहे: दोन ग्रॅम रस, तीन मिलिलिटर नायट्रिक ॲसिड, एक मिलिलिटर हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि शेवटी २५ मिलिलिटर. विरळपणा साडेबारा पटींवर येतो आणि मर्यादेवरचे शिसे द्रावणात लिटरला २.४ मायक्रोग्रॅम दिसते. स्टँडर्ड (तुलनेसाठीची, धातूचे प्रमाण ठाऊक असलेली द्रावणे) मात्र तेवढ्याच ॲसिडमध्ये करायला हवीत, नाहीतर एका टोकाची चूक काढून दुसऱ्या टोकाला घातली असे होते.

आता ब्लँकबद्दल, कारण खरी लढाई तिथेच हरली किंवा जिंकली जाते. काचेच्या भांड्यातून शिसे आणि आर्सेनिक उतरतात. त्यामुळे पीएफए किंवा पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिकच वापरायचे, आणि तेही दहा टक्के नायट्रिकमध्ये रात्रभर बुडवून, १८.२ मेगाओमच्या अतिशुद्ध पाण्याने धुऊन. स्टीलच्या पात्याचा मिक्सर क्रोमियम आणि निकेल देतो. रंगीत पिपेट टिपांच्या रंगद्रव्यात धातू असू शकतो; बिनरंगी टिपा घेतल्या की हा विषयच संपतो. पावडरवाले हातमोजे, कागदाचे तुकडे, पिपेटचा टिप उडवणारा धातूचा दांडा ॲसिडच्या वाफेने गंजलेला, अशी ही यादी प्रत्येक प्रयोगशाळेत थोडी वेगळी निघते. म्हणून एका बॅचमध्ये एकच ब्लँक ठेवणे म्हणजे दारावर एकच पहारेकरी ठेवून तोही झोपलेला असणे. निदान तीन हवेत. आणि तिघांपैकी एक वर गेला तर तो ‘आउटलायर’ म्हणून खोडायचा नाही. तो वर का गेला हे शोधायचे, कारण नमुन्याच्या नळ्याही त्याच रांगेत उभ्या होत्या.

डायजेशनचे, म्हणजे नमुना ॲसिडमध्ये पूर्ण विरघळवण्याचे, सांगायचे तर, बंद भांड्यात मायक्रोवेव्ह, ०.३ ते ०.५ ग्रॅम कोरडा नमुना, पाच मिलिलिटर नायट्रिक, एक मिलिलिटर पेरॉक्साइड, वीस मिनिटांत २०० अंश सेल्सिअसपर्यंत आणि तिथे पंधरा-वीस मिनिटे. ईएन १५७६३ किंवा एओएसी २०१५.०१ या प्रमाणित पद्धतींची घडण हीच आहे, अंश-मिनिटांचा फरक सोडून. चूक होते ती घाईने. तेलकट किंवा साखरेचा नमुना ॲसिड घातल्याबरोबर झाकण लावून आत ढकलला, की वायूचा दाब एकदम चढतो, भांडे आपणहून वाफ सोडते, आणि त्या वाफेबरोबर पारा जातो. मग अहवालात पारा ‘आढळला नाही’. अर्धा तास झाकण न लावता धुराड्याखाली ठेवायचे, फेस बसू द्यायचा, मगच बंद करायचे. वाफ सोडलेले भांडे वजनावरून कळते: आधी आणि नंतर वजन करा, फरक एक टक्क्याहून जास्त असेल तर तो नमुना पुन्हा घ्या. फसफसणाऱ्या पेयातला वायू आधी अल्ट्रासॉनिक टाकीत काढावा, नाहीतर मोजलेले दोन मिलिलिटर दोन मिलिलिटर नसतातच.

मद्याबद्दल वेगळा इशारा. इथेनॉल आणि तीव्र नायट्रिक ॲसिड एकत्र बंद भांड्यात कधीही नाही. ही अभिक्रिया अचानक बेफाम होते. आधी मंद आचेवर इथेनॉल उडवायचे, किंवा डायजेशन टाळून नमुना दहा पट विरळ करून थेट यंत्रात द्यायचा. थेट दिला तर स्टँडर्डमध्येही तेवढेच इथेनॉल हवे. कारण पुढे येतेच.

आर्सेनिक. त्याचा एकच स्थिर आयसोटोप (ठरावीक वस्तुमानाचा अणुप्रकार) आहे, वस्तुमान ७५. पळवाटच नाही. आणि नेमके ७५ वरच आर्गॉन-४० आणि क्लोरीन-३५ यांची जोडी येऊन बसते. प्लाझ्मा आर्गॉनचा, नमुन्यात मीठ, मग खारवलेल्या पदार्थात आर्सेनिक न दिसले तरच नवल. कॅल्शियम-४० आणि क्लोरीन-३५ ही जोडीही तिथेच. यासाठी यंत्रातल्या कोलिजन सेलमध्ये (आयन वायूवर आपटवण्याच्या कप्प्यात) हीलियम सोडतात. जोडीचे आयन आकाराने मोठे, हीलियमवर जास्त वेळा आपटतात, ऊर्जा गमावतात आणि अडवले जातात. एकटा आर्सेनिक पुढे निसटतो. इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असते. पण माती चिकटलेल्या कंदात, पानांत, मसाल्यात निओडिमियम आणि सॅमॅरियम असतात. त्यांच्या १५० वस्तुमानाच्या अणूंचे दोन इलेक्ट्रॉन गेले की यंत्राला ते ७५ वरच दिसतात, कारण ते वस्तुमान भागिले विद्युतभार वाचते, आणि यांना हीलियम अडवत नाही. ज्या प्रयोगशाळेत ट्रिपल क्वाड्रुपोल (वस्तुमानाची निवड दोनदा करणारे आयसीपी-एमएस) आहे तिथे सेलमध्ये ऑक्सिजन सोडून आर्सेनिकला ऑक्साइड करून ९१ वर वाचतात. नसेल तिथे निओडिमियमचा दुसरा आयसोटोप मोजून दुरुस्ती वजा करावी लागते. अशा नमुन्यांच्या अहवालात यांपैकी काय केले ते विचारा. ‘हीलियम मोड वापरला’ एवढे उत्तर अपुरे आहे.

आणि कार्बन. द्रावणात कार्बन उरला असेल तर प्लाझ्मामध्ये आर्सेनिकचे आयनीकरण वाढते आणि वाचन खऱ्यापेक्षा वर जाते. अर्धवट डायजेस्ट झालेला पिवळट नमुना हा त्याचा पुरावा डोळ्यांसमोर असतो. इथेनॉल असलेल्या नमुन्याला तशीच स्टँडर्ड लागतात ती याचसाठी. आणखी गंमत अशी, की त्याच नमुन्यावर हायड्राइड पद्धतीने (आर्सेनिकचा हायड्राइड वायू करून) आर्सेनिक काढले तर आकडा उलट खाली येतो, कारण माशातले आर्सेनोबिटेन हे सेंद्रिय संयुग सहजी तुटत नाही आणि न तुटता हायड्राइड होत नाही. एकच मासा, दोन प्रामाणिक प्रयोगशाळा, दोन उलट चुका. अहवालांत फरक पडला की आधी एकमेकांवर संशय घेण्याऐवजी पद्धत विचारा.

कॅडमियमसाठी बऱ्याच कार्यप्रणालींमध्ये ११४ हे वस्तुमान लिहिलेले असते, कारण ते सर्वांत विपुल आहे, २८.७ टक्के. टिनच्या डब्यातल्या पदार्थासाठी ते वापरू नका. कथिलाचा ०.६६ टक्के भाग ११४ वर पडतो. डब्यातल्या पदार्थात किलोला १०० मिलिग्रॅम कथिल असेल, आणि कोडेक्स त्याहून जास्त कथिल चालवून घेते, तर ११४ वर किलोला सुमारे दोन मिलिग्रॅम ‘कॅडमियम’ दिसेल. ते मुळात नाहीच. १११ वर वाचा. तिथे कथिल नाही. तिथे मॉलिब्डेनमचा ऑक्साइड येतो, पण तो हीलियमने आवरतो. दोन्ही वस्तुमानांवर वाचून ते जुळतात का पाहणे ही सर्वांत स्वस्त तपासणी आहे आणि तिला एक मिनिटही जास्त लागत नाही. शिशाचे उलट: २०६, २०७, २०८ तिन्हींची बेरीज करा, कारण शिशाच्या आयसोटोपांचे प्रमाण खाणीगणिक बदलते आणि एकट्या २०८ वरून काढलेला आकडा त्या बदलाबरोबर हलतो.

पाऱ्याला चिकटायची खोड आहे. नुसत्या नायट्रिकमधले लिटरला ०.१ मायक्रोग्रॅमचे स्टँडर्ड दुसऱ्या दिवशी नळीच्या भिंतीत मुरलेले असते. स्टँडर्ड, नमुने आणि धुण्याचे द्रावण, तिन्हींत लिटरला २०० मायक्रोग्रॅम सोने किंवा थोडे हायड्रोक्लोरिक ॲसिड घातले की पारा विरघळलेला राहतो. आणि क्रम पाहा: मोठ्या माशाचा नमुना आधी आणि बाळाच्या अन्नाचा त्याच्या मागोमाग असेल, तर माशाचा पारा बाळाच्या खात्यावर चढतो. आपण पाठवता त्या नमुन्यांत फक्त पाराच पाहायचा असेल, तर डायजेशन नको असलेले थेट ज्वलनाचे यंत्र घ्या. ५० ते १०० मिलिग्रॅम नमुना जळतो, पारा सोन्याच्या जाळीत अडकतो, तापवून सोडला जातो आणि २५३.७ नॅनोमीटरवर वाचला जातो. ॲसिड नाही, वाफ गळण्याची धास्ती नाही.

ज्यांच्याकडे आयसीपी-एमएस नाही त्यांनी हिरमुसण्याचे कारण नाही. शिसे आणि कॅडमियमसाठी ग्राफाइट फर्नेस (ज्योतीऐवजी विजेने तापवलेल्या नळीत मोजणारे एएएस), पॅलेडियम किंवा फॉस्फेट मॉडिफायर (धातू आधीच उडू नये म्हणून घालायचे रसायन) आणि पार्श्वभूमीचे शोषण वजा करणारी झीमन दुरुस्ती असेल तर काम उत्तम होते, सावकाश होते एवढेच. नीट राखलेली फर्नेस दुर्लक्षित आयसीपी-एमएसपेक्षा भरवशाची, हे आम्ही उगाच म्हणत नाही. हातातल्या एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मूलद्रव्ये ओळखणाऱ्या) बंदुकीबद्दल मात्र सावध राहा. किलोला काही मिलिग्रॅमच्या खाली ती गप्प असते. शिवाय आर्सेनिकची मुख्य रेषा १०.५४ आणि शिशाची १०.५५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर, म्हणजे एकमेकींच्या मांडीवर बसलेल्या. शिसे भरपूर असले की आर्सेनिकचा आकडा अंदाजपंचे होतो. भेसळीची पूड चाळण्यासाठी ती छान आहे. रस, पाणी किंवा बाळाचे अन्न पास करण्यासाठी अजिबात नाही.

पुडीवरून नमुना घेण्याकडे वळतो. हळदीला झळाळी यावी म्हणून शिशाचा क्रोमेट हा पिवळा रंग मिसळला जातो, हे जुनेच दुखणे आहे. तो पुडीत विरघळत नाही, कणांच्या रूपात राहतो. ०.१ मिलिमीटर व्यासाच्या एका कणाचे वजन सुमारे ३.२ मायक्रोग्रॅम, त्यातले ६४ टक्के शिसे, म्हणजे दोन मायक्रोग्रॅम. हा एकच कण ०.३ ग्रॅमच्या नमुन्यात आला तर अहवाल किलोला सात मिलिग्रॅम सांगेल. नाही आला तर ‘आढळले नाही’ सांगेल. दोन्ही मोजमापे बरोबर आणि दोन्ही निरुपयोगी. म्हणून निदान २०० ग्रॅम पूड घ्या, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून सगळी जाईपर्यंत दळा, ढवळा, आणि त्यातून चार-पाच वेगवेगळे वजन करा. त्यांच्यातली तफावत हाच निष्कर्ष असतो. आणि शिशाबरोबर क्रोमियमही मोजायला सांगा. दोघांचे वजनाचे प्रमाण चारास एकच्या जवळ आले, तर शिसे मातीतून नव्हे, रंगाच्या डब्यातून आले आहे हे बहुधा तिथेच कळते.

तांदूळ आणि मासे यांच्यासाठी ‘आर्सेनिक’ एवढाच शब्द मागणीपत्रात लिहू नका. माशातले बहुतेक आर्सेनिक आर्सेनोबिटेनच्या रूपात निरुपद्रवी असते. घातक ते अकार्बनी, म्हणजे कार्बनशी न जोडलेले. कोडेक्सची मर्यादाही त्याचीच आहे: पॉलिश केलेल्या तांदळासाठी किलोला ०.२ मिलिग्रॅम, टरफल काढलेल्या पण पॉलिश न केलेल्यासाठी ०.३५. एनआयएसटी या अमेरिकी मानकसंस्थेचे तांदळाच्या पिठाचे प्रमाणित द्रव्य १५६८बी पाहा: एकूण आर्सेनिक ०.२८५, अकार्बनी ०.०९२. एकूण आकड्यावर हाच तांदूळ नापास, अकार्बनीवर आरामात पास. पैसे वाचवायचे असतील तर आधी एकूण मोजा, तेच ०.२ च्या खाली असेल तर पुढे जायची गरज नाही. वर असेल तर ०.२८ मोलर नायट्रिकमध्ये ९५ अंशांवर ९० मिनिटे, किंवा ईएन १६८०२ प्रमाणे ०.१ मोलर नायट्रिक, तीन टक्के पेरॉक्साइड, ९० अंश, तासभर. दुसऱ्या पद्धतीतले पेरॉक्साइड तीन संयुजेचे आर्सेनिक पाच संयुजेचे करते, म्हणजे एकच शिखर मोजायचे. पेरॉक्साइड विसरले, की तीन संयुजेचे आर्सेनिक सुरुवातीलाच, आर्सेनोबिटेनच्या गर्दीत बाहेर पडते आणि निरुपद्रवी मासा विषारी ठरतो.

स्पाइक रिकव्हरीवर, म्हणजे नमुन्यात मुद्दाम घातलेला धातू किती परत मिळाला यावर, फार विसंबू नका. ती मागा, डायजेशनच्या आधी घातलेली मागा. नंतर घातलेली स्पाइक डायजेशनबद्दल काहीच सांगत नाही. पण आधी घातली तरी ती विरघळलेल्या मीठाच्या रूपात घातलेली असते. नमुन्याच्या पेशीत, चिकणमातीच्या कणात अडकलेले शिसे सुटले की नाही हे ती सांगू शकत नाही. रिकव्हरी ९८ टक्के आणि नळीच्या तळाशी पांढरा गाळ, हे आम्हाला अजिबात आश्चर्याचे वाटत नाही. म्हणून प्रत्येक बॅचमध्ये प्रमाणित संदर्भद्रव्य हवे, आणि ते नमुन्याच्या जातीचे. तांदळाच्या पिठाने माशाची हमी देता येत नाही.

कॅलिब्रेशनच्या (स्टँडर्डवरून आखलेल्या) रेषेचा ०.९९९९ हा सहसंबंधाचा आकडा अहवालाला जोडून पाठवण्याची पद्धत पडली आहे. त्याने काही सिद्ध होत नाही. वरचे स्टँडर्ड रेषेला आपल्याकडे ओढून घेते आणि खालचे ४० टक्के चुकले तरी रेषा देखणी दिसते. सर्वांत खालचे स्टँडर्ड त्याच रेषेवरून परत किती वाचते ते विचारा.

शेवटी मर्यादेच्या काठावरचे निकाल. पॉलिश केलेल्या तांदळात कॅडमियमची मर्यादा ०.४, निकाल ०.४२, अनिश्चितता वीस टक्के. खरा आकडा ०.३४ ते ०.५० यांत कुठेही असू शकतो. असा निकाल पास धरायचा की नापास, हे प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ १७०२५ मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीनुसार आधी ठरवून लिहून ठेवायचे असते. आकडा हाती आल्यावर, माल गोदीत अडकलेला असताना ठरवायचे नसते.

पुढच्या वेळी नमुन्यासोबत येणाऱ्या कागदावर एवढे लिहून पाठवा: पदार्थ काय, डबाबंद आहे का, खारट आहे का, मद्य आहे का, मर्यादा कोणती, आणि ती पावडरीची की कालवलेल्याची, आर्सेनिक एकूण हवे की अकार्बनी, निकाल ओल्या वजनावर की कोरड्या. आणि अहवालात ‘आढळले नाही’ च्या जागी ‘०.००५ मिलिग्रॅम प्रति किलोपेक्षा कमी’ असे मागा, सोबत त्या दिवसाच्या तिन्ही ब्लँकांची वाचने आणि संदर्भद्रव्याचा निकाल. आकडे यंत्रात असतातच. छापायला फक्त सांगावे लागते.

कळावे.

आपले,
अन्नातील धातूंच्या तपासणीचे काम करणारे विश्लेषक